सुलतानपूरच्या काकूंनी विचारलेला प्रश्न

मंडळी, दुपारपासून मी जरा हवेतच आहे, म्हणून लगेच लिहितेय.

शेतमातीतल्या जिवाणूंवरचा माझा शोधनिबंध मार्गदर्शक मॅडमनी दोनदा परत पाठवला. "माहिती बरोबर आहे, पण कळत नाही," एवढंच म्हणाल्या. आज सुलतानपूरला शांताकाकूंच्या शेतात गेले. दोन वर्षं मातीचे नमुने तिथूनच घेतले होते, तेव्हा काय सापडलं ते त्यांना सांगायला हवंच होतं.

बांधावर बसून मी सारांश वाचू लागले. "सूक्ष्मजीवांच्या विविधतेत लक्षणीय वाढ..."

काकू म्हणाल्या, "पोरी, तू मले सांगून राह्यली का तुह्या मॅडमले?"

मी कागद मिटला आणि मूठभर माती त्यांच्या हातावर ठेवली. "काकू, यात डोळ्याले न दिसणारे लय जीव हायेत. तुमी पीक काढल्यावर धसकटं जाळली नाही, म्हणून ते वाढले."

काकूंनी तळहातावरची माती बोटाने पसरून पाहिली. मग हळूच म्हणाल्या, "म्हंजे मी रोज या जिवांच्या अंगावरून चालून राह्यली? अन् उन्हाळ्यात माती तापते, तवा हे कुठी जातात वं?"

मी काकूंचा प्रश्न वहीत लिहून घेतला. नमुने मी फक्त पावसाळ्यात घेतले होते.

परतताना मेहकरच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकवलं. बाहेर शेतं सरकत होती आणि त्यांच्याखाली कुणीतरी श्वास घेतंय असं वाटत होतं. वहीत निबंधाची सुरुवात नव्याने लिहिली, काकूंना सांगितली तशीच. आणि शेवटी लिहिलं, 'उन्हाळ्यात हे जीव कुठे जातात, हे आम्हाला अजून माहीत नाही.'

तुमच्या कामाबद्दल असा साधा प्रश्न विचारून कुणी तुम्हाला विचारात पाडलंय का?