भिंतीला फुटलेलं मीठ

आमच्या वसाहतीच्या सभागृहात मी परीक्षेच्या दिवसांत अभ्यासाला बसतो. तिथली भिंत यंदा पुन्हा फुलली आहे. रंग देऊन वर्षही झालं नाही, तोच खालून पांढरा लोणा वर चढू लागला. नखानं खरवडला की भुरभुर पुस्तकावर पडतो. सांगायला संकोच वाटतो, पण मी तो जिभेला लावून पाहतो. चव ओळखीची असते. या फरशीखाली आमचं मिठागर आहे.

रोडपालीकडच्या खाडीलगत आमचे वाफे होते. दर हंगामाला अख्खं घर अनवाणी पायांनी तळ तुडवायचं. तो घोटून आरशासारखा झाला की मगच त्यावर खारं पाणी घ्यायचं. त्या तळावर कुणी पायताण घालून यायचं नाही, मग तो सोयरा असो की मिठाचा व्यापारी. टाचेनं तळ फुटला की मिठात चिखल येतो. नव्या शहराची कोनशिला बसवायला सरकारातले बडे साहेब आले तो प्रजासत्ताक दिन होता, आणि तळ नुकताच तयार झाला होता. जमीन सरकारजमा झालेली होती. एवढा शेवटचा हंगाम काढू द्या, असं बाबांनी हात जोडून सांगितलं होतं. मांडव नेमका आमच्याच वाफ्यांत पडला.

"सायेब, पायताना बाहेर काढा," बाबा म्हणाले. "तल फुटल."

"काका, आता इथं मीठ नाही, शहर पिकणार," साहेब हसले. "देशासाठी एवढं सोडा की!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मला अजून ऐकू येतात.

बाबा अनवाणी, ताठ उभे राहून राष्ट्रगीत म्हणाले. झेंड्याशी त्यांचं भांडण नव्हतं. त्याग, प्रगती, आधुनिक भारत अशी भाषणं सुरू झाली तसे ते बांधावरून चालत उघाडीपाशी गेले आणि खाडीचं पाणी अडवणारी फळी त्यांनी उपसून काढली. दुपारचं उधाण भरात होतं. पाणी आवाज न करता खुर्च्यांखाली आलं. थोड्याच वेळात साहेब पँट वर खोचून, बूट हातात धरून बांधाकडे पळत होते.

"आता कशे काढले बूट, सायेब?" शेजारची काकी बांधावरून ओरडली. "मंगाशी वाकवत नव्हता काय?"

संध्याकाळपर्यंत बाबांना पोलीस चौकीवर बसवून ठेवलं. घरी आल्यावर मी विचारलं, आपलाच हंगाम बुडाला ना? ते म्हणाले, "तल फुटलेलाच व्हता." पुढे भरावाचे ट्रक आले.

घरातला कॉलेजात गेलेला मी पहिलाच. माझ्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात राष्ट्रउभारणीवर लांबलचक प्रकरण आहे. त्यात आमच्यासारख्यांना अर्धी ओळ मिळाली आहे: स्थानिकांचा विरोध हळूहळू मावळला. भिंतीची भुकटी त्या ओळीवर पडते, तेव्हा मी ती झटकत नाही. सभागृहात शिरताना दारातच चपला काढतो. लोकांना वाटतं, मुलगा देवभोळा आहे. यंदा लोणा खिडकीच्या चौकटीपर्यंत चढला आहे. साहेबांच्या नावाची ती कोनशिला पुढे याच भिंतीत बसवली; ती तिथून वीतभर वर आहे. मला घाई नाही.