पंपाची प्रस्तावना

अकरावीच्या मुलांना मी माहितीपर लेखन शिकवतो, हडपसरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात. एखादी गोष्ट कशी चालते, कशी करायची, ते वाचणाऱ्याला नीट कळेल असं लिहायचं, एवढाच तो विषय. फळ्यावर 'मुद्दे, क्रम, उदाहरण' मी इतक्या थाटात लिहितो की माझं मलाच पटतं. त्यामुळे धायरीतल्या आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी जेव्हा म्हणाले, "सर, रखवालदार गावी चाललाय. पंप कसा लावायचा ते जरा लिहून द्या, तुमचा तर विषयच," तेव्हा अपेंडिक्सचं ऑपरेशन सांगितल्यावर एखादा सर्जन मान हलवेल तशी मी मान हलवली.

काम अगदी सोपं. टँकर खालची टाकी भरतो, पंप ते पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवतो. पंपाशेजारी दोन व्हॉल्व्ह आहेत. एक बागेकडचा, एक गच्चीकडचा. बागेचा बंद करायचा, गच्चीचा उघडायचा, मग हिरवं बटण दाबायचं. रखवालदाराने जाण्यापूर्वी मला हे सगळं करून दाखवलं. मी घरी येऊन लिहायला बसलो आणि माझ्यातला निबंधकार जागा झाला.

पहिला परिच्छेद मानवी जीवनातील पाण्याचे स्थान. दुसऱ्यात 'हिरवे बटण दाबताच पंप कार्यान्वित होतो.' तिसऱ्यात सहकार्याची भावना. चौथ्यात 'तथापि, तत्पूर्वी बागेकडील व्हॉल्व्ह बंद व गच्चीकडील उघडा असल्याची खातरजमा करणे अगत्याचे ठरते.' शेवटी उपसंहार, त्यात टाकी भरल्यावर पंपास विश्रांती देण्याविषयी एक हळुवार वाक्य. हे सगळं लॅमिनेट करून मी पंपाशेजारी लावलं आणि दोन पावलं मागे जाऊन पाहिलं. देखणं दिसत होतं.

गुरुवारी दुसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूने, अमरावतीहून आलेल्या आयटीतल्या मुलाने, ते वाचून पंप लावला. तो दुसऱ्या परिच्छेदापर्यंत पोचला, बटण दिसलं, त्याने दाबलं. आख्खी खालची टाकी बागेत गेली. बाग भरल्यावर पार्किंगमध्ये आली.

"सर, मी लाइन बाय लाइन फॉलो केलं," तो म्हणाला. बिचाऱ्याचं खरं होतं.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकू जिन्यातच उभ्या होत्या. रविवारी त्यांच्या नातीचं बारसं होतं, आमच्याच गच्चीवर. पुढचा टँकर थेट रविवारी सकाळी. तो एकच. "अहो सर," त्या म्हणाल्या, "फार छान लिहिलंय. ओघ तर इतका, की पार गेटबाहेर गेला. आता रविवारी पाहुण्यांना हात धुवायला काय देऊ? तुमचा तिसरा परिच्छेद?"

दुसरा कुणी असता तर त्याने तो कागद फाडून तीन ओळी खरडल्या असत्या. मी शिक्षक आहे. मी तो कागद वर्गात नेला. लेखक कोण ते सांगितलं नाही. 'एका गृहस्थांचा मजकूर' असं म्हणालो.

मागच्या बाकावरून फुरसुंगीच्या मुलाचा आवाज आला, "सर, ह्यो पंप हाय का कीर्तन?"

यवतमाळहून आलेली एक मुलगी मात्र दोनदा वाचून उभी राहिली. "सर, हे कोणाले सांगून राह्यले ते? पंपापाशी उभा आहे त्याले, का निबंध तपासणाऱ्याले?"

वर्षभर 'वाचक डोळ्यांसमोर ठेवा' असं मी ज्या फळ्यावर लिहीत आलो होतो, तो माझ्या पाठीमागेच होता. मी वळून पाहिलं नाही.

मग आम्ही कात्री काढली. एकेक वाक्य वेगळं कापलं. टेबल म्हणजे पंप आणि दोन डस्टर म्हणजे व्हॉल्व्ह. एकाने वाचायचं, दुसऱ्याने ऐकेल तेवढंच करायचं. हात अडला की चिठ्ठ्यांचा क्रम बदलायचा. 'तत्पूर्वी' या शब्दाशी प्रत्येकाचा हात अडला. मुलीचं म्हणणं, जे आधी करायचं ते आधीच लिहा ना, मग 'तत्पूर्वी' लागतंच कशाला? तिने त्यालाच कारण जोडलं: 'बागेचा व्हॉल्व्ह बंद करा, नाहीतर पाणी बागेत जाईल.' पाण्याचे स्थान केराच्या टोपलीत गेलं, सहकार्याची भावनाही गेली. उपसंहाराशी आल्यावर पोरांनी आशेने माझ्याकडे पाहिलं. मी उदार झालो होतो. "उडवा," म्हणालो.

उरला तो मजकूर पोस्टकार्डावर मावला असता. असा सुटसुटीत, कामाचा मजकूर मी आयुष्यात लिहिला नव्हता. तसा तोही मी लिहिला नव्हताच.

रविवारी टँकर खालची टाकी भरून गेला. मी नवा कागद लावला आणि पुढे झालो, तर काकूंनी हाताने अडवलं. नऊवारी, नथ, डोळ्यांवर चष्मा. "मी वाचते, मीच करते. तुम्ही नुसतं उभं राहायचं. मध्ये बोलायचं नाही."

त्यांनी वाचलं. बागेचा व्हॉल्व्ह फिरवला. वाचलं. गच्चीचा उघडला. हिरवं बटण दाबलं. पंप घुरघुरला आणि थोड्या वेळाने वरून कुणीतरी ओरडलं, "पाणी आलं!" काकू माझ्याकडे पाहून हसल्या. मी कॉलर ताठ केली.

त्या तिथेच थांबून कागद पुन्हा पुन्हा वाचत राहिल्या, वरपासून खालपर्यंत. मी गप्प उभा. सांगितलंच होतं तसं. अर्ध्या तासाने इमारतीच्या कडेने धबधबा सुरू झाला आणि गच्चीवरून बायकांचा कल्ला ऐकू आला.

"काकू, टाकी भरली! बंद करा!"

"कुठे लिहिलंय?" त्यांनी कागदावर बोट आपटलं. "दाखवा."

नव्हतंच लिहिलेलं. ते उपसंहारात होतं.

मी खिशातलं पेन काढलं आणि भिंतीला कागद दाबून, पायाशी पाण्याचा लोट येत असताना लिहिलं: 'गच्चीवरून पाणी सांडू लागलं की लाल बटण दाबा.' काकूंनी चष्मा सारखा केला, ते वाक्य सावकाश, मोठ्याने वाचलं, आणि मगच लाल बटण दाबलं.

"आता कळलं," त्या म्हणाल्या, आणि नऊवारीचा ओचा सावरत बारशाला वर गेल्या.