मुलाखतीला नेलेली आई

मी वाघोली सोडली त्या सकाळी आई गाडीपर्यंत आली नाही. आप्पांनी ट्रंक जीपमध्ये चढवली, चुलत्यांनी नारळ फोडला, गल्लीतल्या बायका ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या, आणि आई आत चुलीपुढं बसून राहिली. मी आत गेले तेव्हा तिनं हातावर दही दिलं, माझी वेणी पुन्हा घट्ट बांधली आणि म्हणाली, "जा. तिथं आपलं बोलू नको. विंग्रजीच बोल." मी दहा वर्षांची होते. निवड झालेल्या मुलींच्या यादीत नाव लागल्यामुळं स्वर्ग दोन बोटं उरला होता. आई का रुसली आहे हे मला चांगलं माहीत होतं. तरी मी पळत जाऊन जीपमध्ये बसले.

ती निवासी शाळा घाटावरच्या थंड हवेच्या गावात होती. वाघोलीतून तोवर तिथं कुणी गेलं नव्हतं. तिथं प्रवेश मिळवून देणाऱ्या म्हणून सदाशिव पेठेतल्या एका निवृत्त शिक्षिकेचं नाव आप्पांना कुणीतरी सांगितलं. बाईंनी शिकवणीच्या पहिल्या दिवशी आप्पांना नखशिखांत न्याहाळलं आणि विचारलं, "वाघोलीहून रोज येणार? वा. पोचाल तोवर तास संपलेला असेल, पण बघा प्रयत्न करून." एका जागेमागं किती मुलं बसणार, तो आकडा त्या फळ्याच्या कोपऱ्यात लिहीत. तो दर आठवड्याला वाढे. कुठून आणत देव जाणे, पण तो खोटा असेल असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. शेजारची मुलगी आजारी पडली की मला बरं वाटायचं. ते मी त्या खोलीत शिकले आणि मग ते कधी पुरतं गेलं नाही.

लेखी परीक्षेत मी पास झाले. पुढं मुलाखत होती, आणि ती आईवडिलांचीही होती. "तिथं मुलांपेक्षा पालकच जास्त नापास होतात," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी सगळ्यांच्या पालकांना सरावासाठी बोलावलं. आप्पा एकटेच आले. इतर मुलींच्या आया इस्त्रीच्या साड्या नेसून आल्या होत्या आणि फाडफाड इंग्रजी बोलत होत्या. घरी परतताना येरवड्याच्या सिग्नलला स्कूटर थांबली तेव्हा मी मागून म्हणाले, "आप्पा, आईला नका नेऊ मुलाखतीला. ती गावठी बोलते. काकूला न्या." काकू म्हणजे माझ्या धाकट्या काकांची बायको. विश्रांतवाडीत राहायची, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली होती.

सिग्नल सुटला, आप्पांनी स्कूटर पुढं काढली. घरी जेवताना त्यांनी आईला सांगितलं, "मी ठरवलंय. मुलाखतीला तुझी धाकटी जाऊ येईल, तुझ्या नावानं." मी ठरवलंय, असं म्हणाले. पोरगी म्हणते, असं म्हणाले नाहीत. मी खाली मान घालून भात कालवत राहिले.

शाळेचे लोक मुलाखती घ्यायला कॅम्पातल्या एका हॉटेलात उतरले होते. आई हट्टानं सोबत आली आणि बाहेर झाडाखाली जीपमध्ये बसून राहिली. आत काकू आईच्या नावानं बसली, आईच्या नावाला ओ देत होती. समोरच्या सरांनी मला इंग्रजीत विचारलं, घरात तुला सगळ्यात जवळचं कोण? "माय मदर," मी म्हणाले आणि शेजारच्या काकूचा हात धरला. हे बाईंनी पढवलं नव्हतं. माझं मलाच सुचलं होतं. सर हसले, त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. काकूनं मात्र हळूच हात सोडवून घेतला. बाहेर आल्यावर आईनं विचारलं, "झालं का गं ब्येस?" मी म्हणाले, "हो, एकदम मस्त."

एक गोष्ट मात्र कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. आता शाळेच्या लेखी माझी आई म्हणजे काकू होती. मग खरी आई पालकभेटीला कोण म्हणून येणार? महिन्याच्या एका रविवारी आप्पा एकटे येत. शाळेत विचारलं की तिची तब्येत बरी नसते असं सांगत. सात वर्षांत आईनं माझी शाळा एकदाही पाहिली नाही.

आईनं याचा दोष आप्पांना दिला, आणि तो कधी मागं घेतला नाही. "माझी लाज वाटली ह्यांना," असं ती चारचौघांत म्हणायची. आप्पांचं ताट वाढलं की ती उठून आत जायची, ते एकटे जेवायचे. सुट्टीत घरी आले की मी ते बघायची. दरवेळी वाटायचं, आज सांगावं. दरवेळी आप्पा माझ्याकडं बघून मानेनंच नाही म्हणायचे, आणि मला तेवढं निमित्त पुरायचं. माझ्यात धमकच नव्हती, ही खरी गोष्ट.

पुढं कॉलेज, नोकरी, मग टोरांटो. इथं वीकेंडच्या पार्टीत कुणी पुण्याचं भेटलं आणि शाळेचं नाव निघालं की समोरच्याच्या भुवया वर जातात. "तिथं ॲडमिशन? बाप रे, कशी मिळाली?" मी म्हणते, "लक." आणि चिप्सचा बाऊल पुढं सरकवते. तिकडं वाघोलीत आमच्या शेतावर टॉवर उभे राहिले. त्यातल्याच एका फ्लॅटमध्ये आई आता माझ्या भावाकडं असते.

आप्पा गेले. मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. वर्षश्राद्धाला मात्र वेळेवर पोचले. दुसऱ्या दिवशी दुपारी आई मेथी निवडत होती. मी समोर बसले आणि सांगून टाकलं. "काकूला न्या असं मी म्हणाले होते, आई. आप्पा नाही." वाटलं होतं, रडेल, मारेल, किंवा पोटाशी धरेल.

आई निवडतच राहिली. मग म्हणाली, "आन् मग मला बोलू दिलंस व्हय त्यांना, मरूस्तवर?"

मी जुडीतली एक काडी उचलली.

"दहा वर्साची व्हतीस, तवाचं काय धरायचं. लेकराला काय कळतंय. पन मागनं मोठी झालीस न्हवं? एवढी शिकलीस. एका शब्दाचं काम व्हतं." जुडी संपली तशी ती उठली आणि आत गेली, जशी आप्पांपुढून जायची तशी.

ज्यांनी मला त्या जीपमध्ये चढताना पाहिलं आणि गावात "आपली पोरगी" म्हणून पेढे खाल्ले, त्यांना हे ठाऊक असावं म्हणून लिहितेय. आईचं ऐकून तुम्ही आप्पांना नावं ठेवली होती. ती परत घ्या.

आता दर रविवारी मी फोन करते. आई माझी नोकरी, बर्फ, काही विचारत नाही. ती त्या पालकभेटीच्या रविवारांबद्दल विचारते, कारण त्या दिवसांतले आप्पा फक्त माझ्याकडं आहेत. काय खायचे? कुठं बसायचे? तिच्याबद्दल काय म्हणायचे का? आणि माझ्याकडं सांगायला फार नसतं. मैत्रिणींनी त्यांचं धोतर बघू नये म्हणून मी त्यांना लवकर वाटेला लावायची. त्यांच्याकडं मी नीट बघितलंच नाही. आठवतं तेवढं सांगते. जे आठवत नाही, ते आठवत नाही म्हणून सांगते, रचून सांगत नाही. घर म्हणून मला आता तेवढा फोनच उरला आहे. आई पलीकडं वाट बघत असते, म्हणते, "आठव की गं. अजून काय?"