ठकीच्या बहिणी

मॅडमची डावी भुवई उजवीपेक्षा विरळ होती. पहिल्या वर्षी आम्हाला वाटायचं, काहीतरी आजार असेल. मग एका प्रॅक्टिकलला त्यांनी चिमट्याने भुवईचा एक केस उपटला, टूथपिकच्या टोकाला नेलपॉलिशने चिकटवला आणि त्या केसाने जंताचं एक अंडं, नुसत्या डोळ्यांना दिसणारसुद्धा नाही असलं, अलगद ढकलत काचेच्या मधोमध आणलं. "सुई लावली तर फुटतं," त्या म्हणाल्या. "ब्रशचा केस जाड पडतो. भुवईचा बरोब्बर. शिवाय फुकट." मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "मग उजवीचा का नाही काढत, मॅडम?" "उजवी लग्नकार्यासाठी ठेवलीय."

कल्याणच्या आमच्या कॉलेजात सगळे त्यांना जंत मॅडम म्हणायचे. त्यांना ते माहीत होतं, आणि आवडायचंही असं मला वाटतं. त्यांचे जंत पोटात होतात ते नव्हेत. मातीत राहणारे, मिलीमीटरभर लांबीचे, कुणाच्या अध्यात ना मध्यात. बहुतेक उभयलिंगी, म्हणजे एकच जीव आई आणि बापही. आणि काचेसारखे पारदर्शक, त्यामुळे मायक्रोस्कोपखाली पोटातलं अंडं न अंडं दिसतं. मी शीळफाट्याजवळच्या गावची. आजोबा मिठागरात होते, वडील बारावी नापास. एम.एस्सी.च्या पहिल्याच दिवशी मी त्यांना सांगितलं, "मॅडम, आमच्या घरात कॉलेज बघितलेली मी पहिली." त्यांनी मान वर न करता म्हटलं, "छान. हे सत्काराच्या भाषणात सांग. आत्ता प्लेट दाखव." मला राग आला. पण मी पहिली होते हे खरंच आहे, आणि मी ते आजही सांगते.

त्या 'मॅच्युरेशन' म्हणत नसत. अंडं पिकतं, म्हणत. जंताच्या पोटात अंडी एकामागे एक रांगेत उभी असतात. सगळ्यात पुढचं तयार असतं, पण पिकत नाही, थांबून राहतं. शुक्रपेशींकडून एका प्रथिनाचा निरोप आला की मगच ते पिकतं, पुढे सरकतं, आणि मागचं त्याच्या जागी येतं. निरोप ऐकणारी जनुकं वेगळी, थोपवून धरणारी वेगळी. मी विचारलं, "आंब्यासारखं का मॅडम?" "छे. आंबा आढीत आपला आपण पिकतो. हे सांगितल्याशिवाय पिकत नाही. रांगेत पहिला नंबर लागला म्हणजे काम झालं असं नसतं म्हात्रे, बोलावणं यावं लागतं." हे बोलताना त्या पंचावन्न ओलांडलेल्या होत्या आणि त्यांची पीएच.डी. अजून व्हायची होती. सासूबाईंचं अंथरूण, मुलाची दहावी, मग बारावी, असं करत पन्नाशीत नाव नोंदवलेलं. निवृत्तीच्या आत प्रबंध द्यायचा, एवढा एकच हट्ट त्यांनी आयुष्यात स्वतःसाठी धरलेला मी पाहिला.

तो प्रबंध एका जंतावर उभा होता. त्याचं नाव ठकी.

ठकी समजायला आधी शिदोरी समजावी लागते. हा मॅडमचाच शब्द. अंड्यात सुरुवातीला पिल्लाचं स्वतःचं काही चालत नाही. पहिले काही तास ते आईने भरून दिलेल्या शिदोरीवर निभावतं. त्या शिदोरीच्या जोरावरच पहिला काप जातो, म्हणजे एका पेशीच्या दोन होतात, आणि तो मधोमध जात नाही. एक पेशी मोठी होते, एक लहान. मॅडम त्यांना थोरली आणि धाकटी म्हणत. पुढच्या पिढीची अंडी धाकटीच्या वंशातून यायची असतात. तर मुंबईच्या एका संस्थेत रजा काढून काम करताना, हजारो जंत तपासून, मॅडमना एक असा सापडला की त्याचं शिदोरी भरणारं एक जनुकच मोडलेलं. प्रत्येक जनुकाच्या प्रती दोन; आईकडे ते एका बाजूने शाबूत होतं, म्हणून आईने हिला सगळं भरून दिलं. ही वाढली, गुटगुटीत झाली. पण हिने अंडी घातली की काप बरोब्बर मधोमध जाई, दोन्ही पेशी सारख्या, आणि अंडी तिथेच मरत. "दिसायला एकदम टुणटुणीत," मॅडम म्हणत, "आणि वेळ आली की ठकवते." म्हणून ठकी.

आता ठकीला पोरं होत नाहीत, तर तिचं घराणं चालायचं कसं? तर बहिणींवर. एका आईच्या चार मुलींत एक ठकी. उरलेल्या तिघींतल्या दोघी वरून धडधाकट, पण आईसारखंच एका बाजूने मोडलेलं जनुक पोटात घेऊन फिरतात. त्यांच्या मुलींत पुन्हा ठकी निघते. "ठकीला ठकीच्या बहिणी जगवतात," हे वाक्य मॅडमनी मला दहा वेळा तरी सांगितलं असेल. संस्थेत हे जंत गोठवून ठेवलेल्या नळ्या तिथला फ्रीझर बिघडला तेव्हा गेलेल्या. म्हणजे सगळ्या जगात ठकीचं घराणं आमच्या प्रयोगशाळेतल्या एका कपाटात, वीस-पंचवीस प्लेटांवर, झाकणाच्या चपट्या बशांवर, नांदत होतं.

दुरुस्तीसाठी दिवसभर वीज जायची त्या दिवशी कपाट तापायचं, आणि उकाडा जंतांना सोसत नाही. मग मॅडम प्लेटा बर्फाच्या डब्यात घालून शेअर रिक्षाने डोंबिवलीला घरी न्यायच्या. एकदा मी सोबत होते. शेजारच्या बाईंनी डब्याकडे बघून कौतुकाने विचारलं, "आइस्क्रीम का हो?" मॅडम म्हणाल्या, "नाही, जंत आहेत." बाई पुढच्याच चौकात उतरल्या. मॅडम पाय पसरून म्हणाल्या, "ये, ऐसपैस बस. खोटं बोललं असतं तर तिघींत चेंगरून गेलो असतो."

माझ्या आईला माझं शिक्षण नेमकं काय चाललंय ते कळायचं नाही. एकदा सांगायला बसले, तर सगळं ऐकून ती म्हणाली, "लोकांची पोरा जंत पारावचं औषद घेतान, न तू जंत पोसतंस गो?" मी ते मॅडमना सांगितलं. त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या, आणि ते वाक्य माझ्याकडून बरोबर उच्चारासकट लिहून घेऊन कपाटाच्या दारावर चिकटवलं. बाहेरून तपासायला आलेल्या साहेबांनी वाचून विचारलं, "हे काय?" मॅडम म्हणाल्या, "आमच्या विषयावरचा अभिप्राय."

माझ्या दुसऱ्या वर्षी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. तीन आठवडे मायक्रोस्कोपला डोळा लावायचा नव्हता. प्रबंधाची मोजणी दोन-तीन महिन्यांची उरलेली. जाताना त्या म्हणाल्या, "म्हात्रे, तीन आठवडे ठकी तुझी." शिवराममामा, आमचे प्रयोगशाळेतले जुने परिचर, माझ्याकडे बघून म्हणाले, "घे. लेकुरवाळी झालीस."

दुसऱ्या आठवड्यात प्लेटांवर बुरशी आली. सगळ्या वाचवणं शक्य नव्हतं, निवडायला हव्या होत्या. जंत ज्या जीवाणूंवर जगतात त्यांचा पातळ थर प्लेटवर सारवलेला असतो. काही प्लेटांवर तो थर पार संपलेला, शेकडो पिल्लांची गर्दी, जंत सुतासारखे रोडावलेले. आणि काही प्लेटा बघत राहाव्यात अशा: खाणं शिल्लक, मोजके जंत, तेही टपोरे. मी टपोऱ्या बारा प्लेटा ठेवल्या आणि त्यांतले जंत नव्या प्लेटांवर घेतले. बाकीच्या बादलीत. काम झाल्यावर कपाट इतकं नीटनेटकं दिसत होतं की मी फोटो काढला.

मॅडम काळा चष्मा लावून आल्या. चष्मा काढला, एक प्लेट बघितली. दुसरी. पाचव्या प्लेटला विचारलं, "बहिणी कुठायत?"

"मॅडम, बुरशी आलेली. मी चांगल्या तेवढ्या ठेवल्या."

"चांगल्या म्हणजे?"

सांगता सांगता माझं मलाच कळलं. ज्या प्लेटवर अंडी मरतात तिथे खाणारं कोण असणार? तिथेच खाणं उरतं, तिथेच आई टपोरी राहते. मी सगळ्या ठकी राखल्या होत्या आणि बहिणी टाकल्या होत्या. गर्दी, उपासमार, तीच तर जिवंत घराची खूण होती. आमचं घर तसंच होतं की, एका खोलीत नऊ माणसं. मला कळायला हवं होतं.

"शिवरामभाऊ, बादली उकळलीत?"

"सोमवारीच की, मॅडम."

त्या खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या, "वहीत लिही. काय टाकलं आणि का टाकलं." मी लिहिलं, 'घाण प्लेटा टाकल्या.' त्यांनी वही ओढून 'घाण' खोडलं आणि वर 'उपाशी' लिहिलं. एवढंच.

त्यांच्या मार्गदर्शकांना पाठवायचं पत्र मीच टाइप केलं. त्यात होतं: 'माझ्या गैरहजेरीत, मी पुरेशा सूचना न दिल्यामुळे, वाण नष्ट झालं.' मी हात थांबवला. "मॅडम, तुम्ही सूचना दिलेल्या. बहिणींचं दहा वेळा सांगितलेलं."

"सांगितलेलं. दाखवलेलं नव्हतं. टाइप कर."

निवृत्तीला नऊ महिने होते. त्यांनी ठकी पुन्हा शोधायला घेतली. जंतांना औषध द्यायचं, जनुकं मोडायची, नातींपर्यंत वाट बघायची, आणि एकेका जंताची अंडी तपासायची: काप मधोमध जातो का? माझी परीक्षा झाली, तरी मी रोज जात राहिले. शिवराममामा नव्या प्लेटांत अगरची जेली ओतता ओतता म्हणायचे, "मॅडम, हरवलेली म्हैस सापडते. जंत कुठं सापडतोय?" मॅडम म्हणायच्या, "म्हैस शोधायला तुम्ही जा, आम्ही इथे आहोत."

मी आता घोडबंदर रोडला, मूल होत नसलेल्या जोडप्यांच्या दवाखान्यात भ्रूणतज्ज्ञ आहे. दारावरच्या पाटीवर माझं नाव आहे. आई येऊन त्यावरून हात फिरवून गेली. सकाळी मी जोडप्यांना फोन करते, किती अंडी पिकली, कितींचे काप नीट गेले. पिकली असंच म्हणते. तिथे रुजू झाल्यावर माणसाच्या अंड्याचा पहिला काप पाहिला तो बरोब्बर मधोमध, ठकीच्या अंड्यासारखा. धावत बाहेर येऊन मॅडमना फोन लावला. "अगं वेडे," त्या म्हणाल्या, "माणसांत तसंच असतं. ज्या पोरीचं अंडं आहे तिला घाबरवू नकोस." मागच्या वर्षी त्या गेल्या. कळलं तशी निघाले, शीळफाट्याला दीड तास अडकले, डोंबिवलीला पोचले तेव्हा सगळे स्मशानातून परत आलेले. त्यांच्या नावापुढे डॉक्टर लागलं नाही. दवाखान्यात मला सगळे डॉक्टर म्हणतात, आणि दर वेळी वाटतं, ही हाक दुसऱ्या कुणाची तरी आहे.

त्या नऊ महिन्यांच्या शेवटी, निवृत्तीच्या दिवशी, निरोप समारंभ होता. नारळ, शाल, भाषणं. ते आटपून त्या शाल खांद्यावर तशीच ठेवून प्रयोगशाळेत आल्या आणि उरलेल्या प्लेटा बघायला बसल्या. संध्याकाळी एकदम म्हणाल्या, "म्हात्रे, हे बघ." मी बघितलं. दोन पेशी सारख्याच वाटत होत्या. मला तरी वाटत होत्या. त्यांचा ऑपरेशनचा डोळा, माझा आशेचा. "उद्या कळेल," त्या म्हणाल्या. "मेली तर ठकी." किल्ल्या त्यांनी ऑफिसात दिल्या. ठकी निघाली तर संस्थेत जागा मागून प्रबंध पुरा करता येणार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवराममामांनी मला दार उघडून दिलं. प्लेट काढली, बघितली. एक कोपरा दोनदा बघितला. मग तिथेच उभी राहून फोन केला. त्यांनी पहिल्या रिंगला उचलला.

"मॅडम, फुटली अंडी. पिल्लं निघाली."

"सगळी?"

"सगळी. एक पण मेलेलं नाही."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. त्यांनी गॅस बंद केलेला ऐकू आला.

"मग रडतेस कशाला गं?" त्या म्हणाल्या. "जगलीत ना. खायला घाल त्यांना."