प्रोफे सुनिल्डाचा थर्मास

पाराग्वेत तेरेरेला नाही म्हणणारं माणूस विरळाच. शिंगाच्या पेल्यातल्या पाल्यावर बर्फाचं पाणी ओतायचं, एकाच नळीने सगळ्यांनी आळीपाळीने ओढायचं आणि पुरे झालं की पेला परत देताना ‘धन्यवाद’ म्हणायचं. प्रोफे, म्हणजे शिक्षिका, सुनिल्डा मात्र पहिल्याच फेरीला धन्यवाद म्हणून मोकळ्या होत. सव्वीस वर्षं सकाळी एक शाळा, दुपारी दुसरी, आणि पहाटे सहा ते संध्याकाळी पाच घशाखाली थेंब नाही. प्यायलं की जावं लागतं. गेलं की चाळीस पोरं वर्ग डोक्यावर घेतात आणि हेडमास्तर वहीत ‘वर्ग सोडला’ असं लिहितात.

दुसऱ्यांदा तापाने फणफणल्या तेव्हा डॉक्टरांनी साफ सांगितलं, "भरपूर पाणी प्या, लघवी अडवू नका. तिसऱ्यांदा असं झालं तर डावी किडनी हातची जाईल."

येताना त्या सकाळच्या शाळेच्या कोपऱ्यावर थांबल्या. तिथे देहेसूस मावशी औषधी झाडपाला कुटून विकते. बाईंनी तोंड उघडायच्या आत तिने खलात पाला टाकला.

"किडनीचं तुला कोणी सांगितलं गं?"

"सांगायला कशाला हवं? तुमच्या शाळेत बाया सात. आता तुम्ही धरून सहाजणी हाच पाला नेतात. सातवी नवी आहे, लागेल रांगेला. आणि तुमचे हेडमास्तरसाहेब पाला न्यायला बायकोला पाठवतात!"

सुनिल्डाबाईंना हसू आलं आणि मग सणसणीत राग आला. इतकी वर्षं त्या स्वतःच्याच शरीराला नाजूक म्हणून बोल लावत होत्या.

सोमवारी त्यांनी टेबलावर बर्फाच्या पाण्याचा थर्मास आणि मावशीचा पाला घातलेला पेला ठेवला. शेजारच्या वर्गावरच्या ब्लासिदाला म्हणाल्या, "मधलं दार उघडं ठेव. मी गेले की तू बघ, तू गेलीस की मी."

दुसऱ्यांदा जाऊन आल्या तर दारात हेडमास्तर, हातात वही.

"प्रोफे, वर्ग सोडून कुठे?"

"संडासात, साहेब. लिहा. रोज तीनदा लिहावं लागेल, पेनात शाई भरून ठेवा. आधी बसा तर."

त्यांनी पेला भरून पुढे केला. साहेबांनी तो तोंडाशी नेला आणि वास येताच थबकले. हाच पाला त्यांच्या घरी रोज कुटला जात होता. पोरं टकामका बघत होती. साहेबांनी नळी खुळखुळेपर्यंत पेला संपवला, वही बगलेत मारली आणि पेला परत दिला.

धन्यवाद काही म्हणाले नाहीत. सुनिल्डाबाईंनी पुन्हा भरला.