कंच्या देवाला दिलं घर?

आमच्या चिंचवडात ट्रस्ट म्हटलं की देऊळ, नाहीतर आळंदीची एखादी धर्मशाळा. तिसरा ट्रस्ट आम्ही ऐकलाच नव्हता. त्यामुळे कंपनीत रजा टाकून पुण्याला वकिलाकडे गेलेले अण्णा संध्याकाळी चहा पिता पिता म्हणाले, "घर ट्रस्टमध्ये टाकलं," तेव्हा आईच्या हातातलं गाळणं हातातच राहिलं.

घर म्हणजे स्टेशनजवळच्या तीन खोल्या, अण्णांनी ओव्हरटाइम करकरून बांधलेल्या. धडधाकट माणूस राहतं घर देवाला देतो? अण्णांनी वकिलाचे शब्द ऐकवले: आता ते मालक नाहीत, विश्वस्त आहेत, लाभार्थी वेगळे. लाभार्थी म्हणजे कोण, विचारलं तर ते धड सांगेनात. मग उद्यापासून तुम्ही पुजारी आणि मी झाडलोटवाली का, असं आईनं विचारलं. मला हसू आलं, भीतीही वाटली. भावंडांत थोरली, कॉलेजात जात होते मी, पण डोक्यात नुसता काला झाला होता.

सकाळी गावठाणातल्या दूधवाल्या मावशींनी आईच्या हातात नारळच ठेवला. "घर देवाला दिलं म्हनं. लई ब्येस केलं. पर कंच्या देवाला वो?"

आता आई काय सांगणार, कपाळ!

खरी पंचाईत झाली आत्याची. अण्णांची ही थोरली बहीण, नवऱ्यानं टाकलेली, माझ्या जन्माआधीपासून आमच्याकडे. तिनं घरात जेवणंच सोडलं. देवस्थानचं फुकट खाल्लं तर अंगाला लागत नाही, म्हणे. शेंगदाणे चावायची आणि पाणी प्यायची. आई समजावून थकली, मी तर चिडलेच. हट्टीपणाला काही सुमार? मग एका सकाळी तिची पत्र्याची ट्रंक ओट्यावर दिसली. आळंदीला निघाली होती. देवाच्याच दारात राहायचं तर तिथं जाऊन राहीन, म्हणाली.

अण्णा अर्ध्या दाढीनं बाहेर धावले. "अगं, ट्रस्ट देवाचा नाही, तुझा आहे. मी गेल्यावर तुला कोणी 'ऊठ' म्हणू नये, म्हणून केलाय."

म्हणजे लाभार्थी आत्या होती! माझा जीव भांड्यात पडला. आत्या ट्रंकेवर बसून रडायला लागली. आई मात्र दारात कणकेच्या हातांनी तशीच उभी. इतकी वर्षं तव्यावरची पहिली पोळी तिनं आत्याच्याच पानात वाढली होती.

"कोणी म्हणजे कोण हो?" तिनं विचारलं. "मी, की ही पोरं?"

अण्णांच्या गालावरचा साबण वाळत चालला होता. माणसं बदलतात, एवढंच ते पुटपुटले आणि ट्रंक उचलून आत गेले. कोणती माणसं, ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही, आणि मला आजही कळलेलं नाही. त्या दिवशी आत्या पोटभर जेवली. आई जेवली नाही.