मागची रांग

शिंपीणबाईंना गाडी नकोच होती. हौस नवऱ्याची. "सहा माणसं, आईचा गुडघा, तुझे पडद्यांचे तागे, सगळं एका खेपेत!" असं म्हणत त्याने आठ सीटची लांबलचक व्हॅन दारात आणून उभी केली. चालवायची मात्र बाईंनी, कारण त्याला डोळ्यांनी धड दिसेना.

सोय होती, नाही कशाला म्हणा? सरकतं दार उघडलं की सासूबाई बसल्या बसल्या आत. पण गाडी कसली, दारात पोसलेला हत्ती! वळायला अख्खा चौक लागायचा आणि उभी करायला जागा मिळेल तर शपथ. बाई जीव मुठीत धरून चालवायच्या; मागे जरा आवाज झाला की दचकून ओरडायच्या, "तोंड दाबून बसा, मला भीती वाटते!" सगळ्यात मोठी धास्ती मागच्या रांगेची. ती आरशात दिसायचीच नाही.

म्हणून त्यांनी आकड्यांची हजेरी काढली. उतरलं की सासूबाई "एक", नवरा "दोन", थोरली "तीन", मधला "चार" आणि चार वर्षांची चिमी "पाच". पण मधला पोरगा महा उतावळा! चिमी रेंगाळायची म्हणून तो एका दमात "चार-पाच!" म्हणून मोकळा व्हायचा. ते ऐकून ऐकून बाईंच्या अंगवळणी पडलं होतं.

एका रविवारी नणंदेकडे जेवायला बोलावलं होतं. गल्लीत व्हॅन शिरेना. बाईंनी सगळ्यांना तोंडाशी उतरवलं, "चार-पाच!" ऐकलं, आणि पार पुढच्या मैदानाच्या कडेला भर उन्हात गाडी लावून, कुलूप घालून आल्या.

अर्ध्या तासाने ताटं वाढली. एका ताटावर कुणी बसेना.

"चिमी कुठाय?" नणंदेने विचारलं.

"आजीजवळ असेल," थोरली म्हणाली.

"माझ्याजवळ? मला वाटलं, बापाजवळ," सासूबाई म्हणाल्या.

भरल्या घराचं हे असंच. ज्याला त्याला वाटतं, पोर दुसऱ्याच्या कडेवर आहे. मधल्याचा चेहरा पांढराफटक पडला. "आई, पाच मीच म्हणालो गं."

बाईंच्या पायाखालची जमीन सरकली. किल्ली उचलून त्या अनवाणी धावत सुटल्या. रस्ता तव्यासारखा तापलेला, आणि गाडीच्या काचा बंद! नको नको ते डोळ्यांपुढे येत होतं. घाईत मेली किल्ली तीनदा चुकली.

दार सरकवलं तशी आतून भट्टीसारखी झळ आली. मागची सीट रिकामी. "अगं बाई!" म्हणत त्या वाकल्या, तर सीटखालच्या सावलीत दोन इवलीशी पावलं दिसली.

चिमीला बाहेर ओढलं. अंग घामाने निथळत होतं, केस कपाळाला चिकटलेले, मान एका बाजूला कललेली. "चिमे! चिमे, बोल गं!" बाईंनी तिला झाडाच्या सावलीत नेलं आणि धावत आलेल्या नवऱ्याच्या हातातली बाटली तिच्या तोंडावर अर्धी रिती केली. पोरीने डोळे किलकिले केले, मग ती दोन घोट पाणी प्यायली. तेव्हा कुठे बाईंच्या जिवात जीव आला.

"सोन्या, हाक का नाही मारलीस? रडायचं तरी! रस्त्यावरून माणसं जात होती ना?"

चिमीने आईच्या गालावर ओला हात ठेवला.

"मी तोंड दाबून बसले," ती पुटपुटली. "गाडीत आवाज झाला की तुला भीती वाटते ना."